एक्स-रेवरची गाणी आणि बाबांची पेटी

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

फोनवर बोलणं होतंच, पण हे फोनवर घाईत सांगून टाकावंसं वाटलं नाही. बाबा, तुमच्याकडे एक मागणंही आहे.

परवा मेट्रोत माझ्या शेजारी एक माणूस बसला होता. मांडीवर पुठ्ठ्याचा खोका आणि त्यात कॅसेटी, हातानं नावं लिहिलेल्या. इतक्या वर्षांनी कॅसेट दिसल्यावर मला राहवेना. विकायच्या आहेत का म्हणून विचारलं, तर म्हणाला, "जमलं तर विकायच्या, नाहीतर वाटायच्या." तो संगीतकार निघाला. ज्याला अंडरग्राउंड म्हणतात त्यातला. कंपनी नाही, जाहिरात नाही. कुणाच्या तरी तळघरात नाहीतर गॅरेजमध्ये वाजवायचं आणि ऐकणाऱ्यांनी एकमेकांना सांगून यायचं.

त्यानं मला हेडफोन दिला. आधी नुसती घरघर ऐकू आली. मग तिच्या तळातून एक सूर वर आला आणि बराच वेळ तिथेच थांबला. मला ते आवडलं, आणि का आवडलं हे अजूनही नीट सांगता येत नाही.

या कॅसेटी तो घरीच भरतो. साठ मिनिटांची असेल तर एका बाजूला अर्धा तास, उलटून पुन्हा अर्धा तास, आणि तेवढा सगळा वेळ तो शेजारी बसून ऐकतो. कंटाळा येत नाही का, असं विचारल्यावर म्हणाला, "प्रत्येक कॅसेट निदान एकानं तरी पूर्ण ऐकलेली असते."

आई, पुढचं खास तुझ्यासाठी. तुझी सगळी नोकरी एक्स-रे विभागात गेली असं सांगितल्यावर तो एकदम खुलला. दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत रशियात जॅझवर आणि देश सोडून गेलेल्या गायकांच्या गाण्यांवर बंदी होती. तेव्हा लेनिनग्राडमधली काही तरुण मुलं दवाखान्यांतून टाकाऊ एक्स-रे फिल्म मिळवायची, ती कात्रीनं गोल कापायची, मधोमध सिगारेटनं भोक पाडायची आणि घरी जुळवलेल्या यंत्रावर तिच्यात गाणं कोरायची. फिल्म उजेडात धरली की बरगड्या दिसायच्या आणि फिरवली की त्यांच्यावरूनच गाणं वाजायचं! आवाज खरखरीत, थोड्या वेळा वाजवली की खलास. तरी लोक चोरून घ्यायचे. त्यांच्यातला रुस्लान बोगोस्लोव्स्की १९५० मध्ये पकडला गेला. १९५३ मध्ये स्टालिन गेल्यावर सुटला आणि परत येऊन पुन्हा तेच करू लागला. तू ज्या फिल्मा पाकिटात घालून, नाव-तारीख लिहून जपून ठेवायचीस, तसल्याच फिल्मवर कुणीतरी तुरुंगाची भीती न बाळगता गाणं उतरवत होतं. ऐकताना सारखी तुझी आठवण येत होती.

त्याचं स्टेशन आलं. जाताना एक कॅसेट माझ्या हातात ठेवून गेला, पैसे घेतले नाहीत. वाजवायला माझ्याकडे यंत्र नाही, ते आता शोधतेय.

बाबा, तुम्ही पेटी कपाटावर ठेवलीत तेव्हा म्हणाला होतात, "आता ऐकतंय कोण?" मला ते तेव्हाही पटलं नव्हतं. मी पलीकडच्या खोलीत अभ्यासाला बसायचे आणि तुम्ही यमन सुरू केलात की पुस्तक मिटून ऐकत राहायचे. तुम्हाला ते कधी कळलं नसेल. माझ्यासाठी तरी ती पेटी खाली काढा. भाता सुटला असेल तर दुरुस्त करून घ्या, पैसे मी पाठवते. बोटं आखडली असतील, सूर मध्येच तुटेल, तुटू दे. जेवढं वाजेल तेवढं वाजवा आणि मला पाठवा.

आई, फोन पेटीपासून हातभर लांब, उशीवर ठेव म्हणजे पट्ट्यांची खटखट त्यात येणार नाही. आणि रेकॉर्ड करताना पंखा बंद कर, बाबांना ते सुचायचं नाही.

तुमची,
लाडकी लेक