तुझ्या निवेदनाबद्दल थोडं

चि. राणीस,
अनेक आशीर्वाद.

निवेदनाचा मसुदा वाचला. भाषा छान उतरली आहे. 'प्रत्येक मुलाला शिक्षण मिळालंच पाहिजे' या वाक्याखाली कोणीही एका पायावर सही करेल, आणि माझी अडचण तीच आहे. ज्यावर सगळेच मान डोलावतात, त्यासाठी कोणालाच जागचं हलावं लागत नाही.

बार्बरा जॉन्सबद्दल वाचलंयस का? अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात फार्मव्हिल नावाचं गाव आहे. तिथे काळ्या मुलांची शाळा वेगळी होती. इमारत १८० मुलांसाठी बांधलेली आणि मुलं साडेचारशेच्या वर. जागा पुरेना म्हणून आवारात लाकडी सांगाड्यांवर डांबरी कागद ठोकून वर्ग उभे केलेले. थंडीत शेगडीशेजारी बसलेला घामाघूम, तर टोकाला बसलेला अंगावर कोट असूनही कुडकुडतोय. पाऊस आला की वर्गात छत्र्या उघडायच्या. पालक शाळा मंडळाकडे खेटे घालून दमले होते. शेवटी २३ एप्रिल १९५१ रोजी सोळा वर्षांच्या बार्बरानं सूत्रं हातात घेतली. खोटा फोन करून मुख्याध्यापकांना शाळेबाहेर काढलं, त्यांच्याच नावानं सभेची चिठ्ठी वर्गावर्गांतून फिरवली, शिक्षकांना सभागृहाबाहेर जायला सांगितलं आणि संप पुकारला. (खोट्या चिठ्ठीचा भाग तू उचलू नयेस, हे आई म्हणून सांगणं भाग आहे.)

मला त्या धाडसापेक्षा त्यांची मागणी जास्त आवडते. त्यांना नवी इमारत हवी होती, आणि ती कोणी द्यायची हेही ठाऊक होतं: शाळा मंडळानं. नंतर वकील आले. ते म्हणाले, चांगल्या इमारतीसाठी नाही, वेगळ्या शाळांच्या पद्धतीविरुद्धच दावा लावणार असाल तर आम्ही उभे राहतो. मुलं तयार झाली, पालकही तयार झाले. ज्या पाच दाव्यांवर १९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं वर्णानुसार वेगळ्या सरकारी शाळा बेकायदा ठरवल्या, त्यांतला एक यांचा होता.

पुढचं मात्र भाषणांत सहसा येत नाही. एकत्र शाळा चालवाव्या लागू नयेत म्हणून त्या काउंटीनं, म्हणजे तिथल्या जिल्ह्यानं, १९५९ मध्ये सगळ्या सरकारी शाळांनाच कुलूप लावलं. ते १९६४ पर्यंत निघालं नाही. गोऱ्या मुलांसाठी खासगी शाळा निघाली. काळ्या मुलांपैकी कित्येकांची वर्षंच्या वर्षं बुडाली. बार्बराच्या जिवाला धोका म्हणून आईवडिलांनी तिला आधीच दूर काकांकडे पाठवलं होतं. पुढे ती ग्रंथपाल झाली.

काकांकडे पाठवणारी ती आई मला फार जवळची वाटते. पाकिस्तानातल्या इक्बाल मसीहची गोष्ट तर तुला माहीतच आहे. सहाशे रुपयांच्या कर्जापायी चौथ्या वर्षी गालिच्याच्या मागावर बसवलेलं पोर, सुटून बाहेर आलं, इतरांना सोडवायला बोलू लागलं आणि १९९५ मध्ये गोळी लागून गेलं. तेव्हा तो जेमतेम बारा वर्षांचा होता. अशा मुलांना 'शूर' म्हणून टाळ्या वाजवणाऱ्यांचा मला राग येतो. त्यांच्या आजूबाजूच्या मोठ्यांनी आपापलं काम केलं असतं तर त्यांना शूर व्हावं लागलं नसतं.

आता तुझ्या मसुद्याकडे येते. मागच्या पत्रात तू त्या मुलाबद्दल लिहिलं होतंस. सुट्ट्या पैशांचा हिशेब तोंडी चोख करतो, पण तोच हिशेब कागदावर लिहिला की गोंधळतो. जन्मदाखला नाही म्हणून प्रवेश अडला, प्रवेश अडला म्हणून कामाला लागला. तुझ्या निवेदनात हे कुठेच नाही! तुझी मागणी तर तिथेच आहे: कागदपत्रं नसली तरी मूल आधी वर्गात बसवा, दाखला मागाहून करून घ्या. हा निर्णय घेणारा अधिकारी कोण ते शोध आणि निवेदन त्यालाच दे. दहा जणांना प्रती पाठवल्यास तर प्रत्येक जण बाकीच्या नऊ जणांकडे बोट दाखवेल.

आधाराला बालहक्क संहिता घे. संयुक्त राष्ट्रांनी ती २० नोव्हेंबर १९८९ रोजी स्वीकारली, आणि अमेरिका वगळता संयुक्त राष्ट्रांच्या सर्व सदस्य देशांनी तिला मान्यता दिली आहे. सातव्या कलमात जन्मल्याबरोबर नोंदणीचा हक्क आहे, अठ्ठाविसाव्यात मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा. म्हणजे दाखला नसणं हा मुलाचा दोष ठरतच नाही. नोंद करायची राहिली ती सरकारकडून. हा मुद्दा पहिल्या परिच्छेदात आण.

बारावं कलमही नीट वाच. मुलाशी संबंधित निर्णयात त्याचं मत विचारात घ्यायचं, असं ते सांगतं. ते फक्त सरकारला लागू आहे असं समजू नकोस. त्या मुलाला विचारलंस का, त्याची हकीकत सांगितलेली चालेल का? तो 'हो' म्हणाला तरी नाव, फोटो, कामाची जागा काहीही देऊ नकोस. तुम्ही निवेदन देऊन घरी याल, दुसऱ्या दिवशी मालकासमोर उभं राहायचंय त्याला. आणि तो 'नको' म्हणाला तर त्याच्याशिवाय लिही, कितीही जीव तुटला तरी.

बाबांचं म्हणणं आहे की सगळं एका पानात बसव, दुसरं पान कोणी उलटत नाही. त्यांचा जन्म फायली उलटण्यात गेला, तेव्हा एवढं ऐकायला हरकत नाही. पोच घेतल्याशिवाय मात्र निघू नकोस. आपल्या प्रतीवर सही, शिक्का आणि तारीख हवीच. 'साहेब नाहीत, ठेवून जा' म्हणाले तर आवक नोंदवहीतला क्रमांक माग. सोबत कोणी मोठं माणूस हवं असेल तर मी येईन. बोलायचं तुम्हीच.

नवा मसुदा झाला की पाठव, शुद्धलेखन मी तपासते. 'हक्क' तू दोन ठिकाणी 'हक' असा लिहिला आहेस.

तुझी,
आई