उभ्या गाडीला आधी किक मारू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला जुन्या मोटरसायकलींवरचा लेख मी दोनदा वाचला. विषय जिव्हाळ्याचा आहे, म्हणूनच त्यातला एक सल्ला वाचून गप्प बसवेना. वर्षानुवर्षं उभी असलेली गाडी बाहेर काढा, टाकीत ताजं पेट्रोल घाला आणि आठ-दहा किक मारून बघा, असं त्यात म्हटलं आहे. कृपा करून असं कुणी करू नये. माझ्या थोरल्या भावाच्या गाडीवर हाच प्रयोग झाला आणि तो फार महागात पडला.

दादाची गाडी एका सिलिंडरची, टू-स्ट्रोक. १९९८ पासून जिन्याखाली उभी. आता त्याचे गुडघे किक मारू देत नाहीत. मी शाळेच्या प्रयोगशाळेत साहाय्यक होते. निवृत्त झाल्यावर मनाशी ठरवलं, या गाडीचा आवाज दादाला पुन्हा ऐकवायचा. ओळखीच्या एका मेकॅनिकला बोलावलं. किक हलेना, तेव्हा त्याने पायावर सगळं वजन टाकलं. कडकन आवाज झाला. इंजिन उघडलं तर किकच्या गिअरचे दोन दात तळाच्या ऑइलमध्ये पडलेले. दादा एक शब्द बोलला नाही, उठून आत गेला.

असं का होतं ते सांगते. पिस्टनच्या रिंगा बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, आणि आमच्या गाडीत सिलिंडरची आतली भिंतही बिडाची. गाडी उभी राहिली की भिंतीवरचा ऑइलचा थर ओघळून जातो, दमट हवा आत शिरते आणि रिंग न्‌ भिंत गंजून एकमेकींना धरतात. त्यावर जोर केला की किकचे दात जातात, नाहीतर रिंग तुटून तिचा तुकडा सिलिंडरभर ओरखडे काढतो. टू-स्ट्रोकच्या भिंतीला तर पोर्ट, म्हणजे मिश्रण आत यायच्या आणि धूर बाहेर जायच्या खिडक्या असतात. तुटकी रिंग त्यात अडकली की पिस्टनही गेला.

पुढचं काम दादा स्टुलावर बसून सांगत गेला आणि मी करत गेले. प्लग काढला. डिझेल आणि इंजिन ऑइल सारख्या मापात घेऊन प्लगच्या भोकातून रोज थोडं थोडं सोडलं. मागचं चाक अधांतरी ठेवून गाडी टॉप गिअरला टाकली आणि सकाळ-संध्याकाळ चाक हातानेच पुढे-मागे ढकललं. आठ दिवस काही नाही. नवव्या दिवशी संध्याकाळी टायर बोटभर सरकला. "अगं थांब, आता उलटं फिरव," दादा म्हणाला. दोन दिवसांत चाकाबरोबर पिस्टन मोकळा खालीवर होऊ लागला. तरी किक मारली नाही. हेड आणि सिलिंडर उतरवून रिंगा बदलल्या, किकचा तुटका गिअरही बदलला, कनेक्टिंग रॉड वर-खाली ओढून बेअरिंगला ढिलाई नाही ना ते पाहिलं.

टाकीचं काम माझ्या हातातलं. आत गंजाचे पापुद्रे आणि वार्निशसारखा वास मारणारं जुनं पेट्रोल. पुष्कळ जण अशा टाकीत हायड्रोक्लोरिक अॅसिड ओततात. ते गंजाबरोबर पत्राही खातं, शिवाय वाफा छातीत जातात. मी सायट्रिक अॅसिडचं द्रावण भरलं, गंज खरवडायला मोजून बावीस नट आत टाकले आणि दोन दिवस अधूनमधून हलवत राहिले. बाहेर निघाले एकवीस! बाविसावा सापडेपर्यंत टाकी उलटीपालटी करत मी अर्धा तास अंगणात बसले होते, कारण आत राहिलेला नट पुढे पेट्रोलच्या कॉकची जाळी फाडतो. मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन टाकी लगेच वाळवली आणि आतून ऑइल फिरवलं. उघडा पत्रा काही तासांतच पुन्हा तांबूस होतो.

कार्बोरेटरबद्दल एवढंच, की जेटच्या, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या तोटीच्या, भोकात पोलादी तार घालू नये. जेट पितळेचा आणि मऊ, भोक अगदी बारीक. तारेने ते रुंदावतं आणि मग सेटिंग कधीच जमत नाही. मी विजेच्या वायरमधला तांब्याचा एक केस वापरला आणि जेट खिडकीशी धरून पाहिला. गोल, स्वच्छ उजेड दिसेपर्यंत तो परत बसवला नाही.

ठिणगीची वेळ साधणारे पॉइंट साफ केले, फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्टीने) त्यांची फट लावली, प्लग नवा घातला. मग मी किक मारली. तिसऱ्या किकला गाडी सुरू झाली! दादाचे डोळे भरून आले. पण अर्ध्या मिनिटात इंजिनाचा वेग आपोआप चढायला लागला. अॅक्सिलरेटरला माझा हातही नव्हता. "बंद कर, बंद कर!" दादा ओरडला, मी चावी फिरवली. मॅग्नेटोच्या (ठिणगीसाठी वीज तयार करणाऱ्या भागाच्या) बाजूचं क्रँकचं ऑइल सील, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्याभोवतीची रबरी कडी, वाळून कडक झालं होतं आणि तिथून बाहेरची हवा ओढली जात होती. आमच्या गाडीत ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं. हवा जास्त आली की तिच्या मानाने पेट्रोल कमी पडतं आणि त्याबरोबर ऑइलही, उष्णता वाढते आणि मोकळा केलेला पिस्टन पुन्हा धरतो. दुसऱ्या, क्लचच्या बाजूचं सील गेलं तर गिअरचं ऑइल ओढलं जाऊन नुसता पांढरा धूर निघतो. दोन्ही सीलं बदलली. इतकी वर्षं उभ्या राहिलेल्या टू-स्ट्रोकची सीलं चालू करण्याआधीच बदलावीत, हे मी आता प्रत्येकाला सांगते.

चालू झाली म्हणून लगेच रस्त्यावर नेली नाही. टायरची नक्षी नव्यासारखी होती, पण कडेला बारीक चिरा होत्या. टायरवरच्या तारखेच्या खुणेत चार अंक असतील तर ते आठवडा आणि वर्ष सांगतात. आमच्या टायरवर तीनच अंक होते, म्हणजे तो २०००च्या आधीचा. दोन्ही टायर-ट्यूब नव्या घातल्या. ब्रेकच्या ड्रममधली धूळ तोंडाने फुंकू नये, जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं. मास्क लावून ओल्या फडक्याने पुसली आणि फडकं पिशवीत बांधून टाकलं.

आपल्या लेखात रंग आणि क्रोमवर दोन रकाने आहेत, सील, टायर आणि ब्रेकवर एक ओळ नाही. आमच्या गाडीचा रंग अजून तोच, उडालेला आहे. टाकीवर दादाच्या गुडघ्यांनी घासून पत्रा दिसतो, तो भाग मी मुद्दाम तसाच ठेवला.

परवा ती अकरा किलोमीटर चालली. मागच्या सीटवर दादा होता. परत आल्यावर प्लग काढून त्याच्या हातावर ठेवला. टोकाला फिकट चॉकलेटी रंग आला होता, म्हणजे हवा-पेट्रोलचं मिश्रण बरोबर. तो प्लग थंड झाल्यावरही बराच वेळ त्याच्या मुठीत होता.

संपादक महोदय, तो लेख वाचून या रविवारी कुणीतरी जिन्याखालची गाडी बाहेर काढणार आहे. त्याआधी पुरवणीत त्याच जागी दोन ओळींचा खुलासा छापावा: प्लग काढा, ऑइल सोडा, चाक हाताने फिरवून बघा. किक नंतर.

आपली नम्र,
एक वाचक
(निवृत्त प्रयोगशाळा साहाय्यक)