ऑफर नाकारू नकोस, लांबव

कलिना, मुंबई
रविवार

प्रिय मंदार,

तुझा भलामोठा व्हॉइस मेसेज ऐकला. तसल्याच मेसेजने उत्तर द्यायला गेलो असतो तर मध्येच ऑपरेशन्सचा फोन आला असता आणि अर्धं राहिलं असतं, म्हणून लिहायलाच बसलो. एअरलाइन सोडून एका उद्योगपतीच्या घरचं छोटं जेट, सायटेशन एक्सएलएस, उजवी म्हणजे को-पायलटची सीट, पगार आत्तापेक्षा बरा, बेस पुणे म्हणजे आई-बाबा जवळ. ‘तू एअरलाइन आणि खासगी जेट दोन्हीकडे राहिलायस, तूच सांग’ म्हणतोस. सांगतो. पण माझं म्हणणं वहिनींना आवडणार नाही आणि त्या मला फोनवर झापणार, हे आधीच धरून चाललोय.

आधी चांगलं बोलतो, कारण ते खरंच चांगलं आहे. एअरलाइनची उजवी सीट मीही उबवलीय. तेच ए-३२०, तेच दिल्ली, हैदराबाद, कोलकाता, एका दिवसात चार सेक्टर म्हणजे चार उड्डाणं, आणि रात्री हॉटेलच्या खोलीत उठल्यावर आपण नेमके कुठल्या गावात आहोत ते आठवायला लागायचं. इथे आज भुज, परवा काठमांडू, पुढच्या आठवड्यात दुबईत तीन दिवस मुक्काम. हलकं विमान सरळ वर निघतं, तुम्ही लोक खाली रांगेत असता आणि आम्ही बेचाळीस-त्रेचाळीस हजार फुटांवर. एक्सएलएसला पंचेचाळीस हजारांपर्यंत सर्टिफिकेट आहे, तुला माहीतच आहे. हाताने उडवायला मिळतं. वर्षाला तीन-चारशे तास, बाकी वेळ घरी. माझ्या मुलाच्या शाळेत मी इतक्या वेळा दिसतो की तिथल्या शिपायाला मी रिकामटेकडा वाटतो.

आता त्या नोकरीत विमान उडवणं हा किती छोटा भाग असतो ते ऐक. तुमच्याकडे उड्डाणाची आखणी करणारं डिस्पॅच आहे, वजनाच्या हिशेबाची लोडशीट हातात येते, केटरिंगवाला स्वतः चढतो. इथे फ्लाइट प्लॅन, हँडलिंग, परवानग्या, हॉटेल, गाडी, बर्फ, साहेबांना लागतो तो पेपर, सगळं आपण. फ्लाइट संपल्यावर कप धुणारेही आपणच. मुंबईत तर गर्दीच्या वेळात बिझनेस जेटना येऊ-जाऊ देत नाहीत, पार्किंगही मिळेलच असं नाही, मग साहेबांना उतरवायचं आणि रिकामं विमान दुसऱ्या गावी नेऊन उभं करायचं. या कामाची लाज वाटत असेल तर हा विषय इथेच मिटव. तुला वाटणार नाही, हे मला ठाऊक आहे. अकॅडमीत मेसचा हिशेब तूच ठेवायचास.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. दिल्लीला निघालो होतो. सहा पाहुणे, बॅगा, त्या दिवशी दिल्लीचं हवामान वाईट म्हणून अल्टरनेटसकट, म्हणजे दुसऱ्या विमानतळापर्यंत जाता येईल इतकं, भरपूर इंधन घेतलेलं. एक्सएलएसमध्ये सीट मोजून माणूस फसतो. टाक्या गच्च भरल्या की चार-पाच माणसं आणि त्यांचं सामान, बस, वजन संपलं. आणि गाडीतून उतरल्या हापूसच्या पेट्या. रत्नागिरीहून रात्रीतून आणलेल्या, देवगडच्या नव्हेत हे साहेबांनी मुद्दाम सांगितलं. कुठल्यातरी मंत्रालयात, कुठल्यातरी व्याह्यांकडे जायच्या होत्या. आमच्या कॅप्टननी माझ्याकडे पाहिलं, मी टॅबलेटवर आकडे पुन्हा टाकले. आकडे काही पेट्यांच्या बाजूने झाले नाहीत. ते खाली उतरून साहेबांना म्हणाले, “साहेब, पेट्या घ्यायच्या तर वाटेत अहमदाबादला इंधनाला उतरावं लागेल, पाऊण तास जाईल. नाहीतर पेट्या संध्याकाळच्या कार्गोने पाठवू, मी स्वतः बघतो.” साहेबांनी घड्याळ पाहिलं, पेट्यांकडे पाहिलं आणि ड्रायव्हरला गाडी मागे घ्यायला सांगितली. दिल्लीपर्यंत कुणाशी बोलले नाहीत.

मंदार, ऑफरमधल्या सगळ्या आकड्यांपेक्षा मला हे तुला सांगायचंय. एअरलाइनमध्ये तू ‘नाही’ म्हणतोस तेव्हा तुझ्या बाजूने आख्खं पुस्तक उभं असतं. दरवाजा बंद, मागे एकशे ऐंशी माणसं, त्यांतल्या एकालाही तुझं नाव माहीत नाही. डायव्हर्ट झालास, दुसरीकडे उतरलास, तर ट्विटरवर शिव्या कंपनीला. इथे पगार देणारा माणूस तुझ्या पाठीमागे दोन-तीन हातांवर बसलेला असतो, आणि तुझ्या लेकीचा वाढदिवस त्याला पाठ असतो. प्रेमळ मालक असला की ‘नाही’ म्हणणं आणखी अवघड.

अमेरिकेतल्या ॲस्पेनच्या अपघाताचा अहवाल पुन्हा काढून वाच. मार्च २००१, लॉस एंजेलिसहून निघालेलं चार्टर गल्फस्ट्रीम. पाहुणे उशिरा आले, ॲस्पेनला रात्री उतरायला बंदी, वर बर्फ. कदाचित दुसरीकडे उतरावं लागेल असं कॅप्टनने आधी बोलून दाखवलं होतं, त्यावर गिऱ्हाईक भडकलं आणि कॅप्टनने आपली मतं स्वतःपाशी ठेवावीत असा निरोप चार्टर कंपनीला गेला. उतरताना, अप्रोचच्या वेळी, एक पाहुणा कॉकपिटच्या जंपसीटवर म्हणजे जादा सीटवर बसला होता. अठराच्या अठरा माणसं गेली. तिथल्या अपघात-तपास यंत्रणेने, एनटीएसबीने, गिऱ्हाइकाचा दबाव हे कारणांमध्ये स्पष्ट लिहिलंय. त्या कॅप्टनला उडवता येत नव्हतं असं तो अहवाल वाचून तुला वाटणार नाही.

दुसरा तिथल्याच बेडफर्डच्या अपघाताचा, २०१४. तिथे दबावबिबाव काही नव्हता. वर्षानुवर्षं तेच दोन पायलट, एकच मालक, एकच गल्फस्ट्रीम. गस्ट लॉक, म्हणजे उभ्या विमानाचे कंट्रोल्स वाऱ्याने हलू नयेत म्हणून लावलेलं कुलूप, न काढता टेकऑफ रोल सुरू केला. डेटा काढला तर आधीच्या १७५ टेकऑफपैकी ९८ टक्के वेळा कंट्रोल्स नीट हलतात का तो चेक पूर्ण केलेलाच नव्हता. सात माणसं मेली. मला याची जास्त भीती वाटते. तुमच्याकडे प्रत्येक लँडिंगचा डेटा कुणीतरी बघतं, दर वेळी शेजारी नवा माणूस असतो, उडवताना तपासणारा लाइन चेक होतो. आपण त्यावर कितीही चिडलो तरी त्याने हात सरळ राहतो. दोन जणांच्या डिपार्टमेंटमध्ये चेकलिस्ट हळूहळू नवरा-बायकोच्या बोलण्यासारखी होते, अर्धं वाक्य म्हटलं की पुरे.

एअरलाइनमध्ये दबाव नसतो असं मी म्हणत नाही. कोळिकोडच्या २०२० च्या विमान अपघाताच्या अहवालात, दुसऱ्या दिवशी सकाळची फ्लाइट करायला तिथे पोचायचंच हे कॅप्टनच्या डोक्यात होतं, असं आहेच की. आणि विश्रांतीचे नियम किती ताणले जातात ते तू मला शिकवायला नको. जानेवारी २०२४ मध्ये डीजीसीएने, आपल्या विमान नियामकाने, पायलटची आठवड्याची विश्रांती ३६ वरून ४८ तासांवर नेली, रात्रीची लँडिंग सहावरून दोनवर आणली, तेव्हा आपण दोघांनी फोनवर टाळ्या दिल्या होत्या. मग अंमलबजावणी लांबत लांबत गेली आणि डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, पुन्हा सवलत दिली गेली. पण निदान त्यावर भांडण तरी झालं. पेपरात आलं, कोर्टात गेलं, संघटना बोलल्या. इथे सकाळी पाचला उठून दिवसभर एफबीओच्या, म्हणजे खासगी विमानांच्या टर्मिनलच्या, सोफ्यावर वाट बघत बसलेल्या दोन पायलटांसाठी रात्री नऊला कोण भांडणार आहे?

नोकरीच्या पक्केपणाबद्दल फार बोलत नाही. किंगफिशर २०१२, जेट २०१९, गो फर्स्ट २०२३. एअरलाइन म्हणजे पेन्शनची नोकरी असं आपल्या पिढीत कुणी मानत नाही. इकडे एक सही पुरते. मालकाने विमान विकलं, मुलाने धंदा वाटून घेतला, की पायलट त्याच यादीत. फरक इतकाच की इकडच्या बातम्या आधी ड्रायव्हरला कळतात, म्हणून ड्रायव्हरशी चांगलं राहायचं.

तर माझं मत. ऑफर नाकारू नकोस, लांबव. कमांड होऊ दे, कॅप्टन हो, मग ये. तुझे पंधराशे तास कधीच झाले, एटीपीएल, मोठ्या विमानाच्या कॅप्टनचं लायसन्स, हातात आहे, कॅप्टन-अपग्रेडची रांग तुझ्यापर्यंत येऊन ठेपलीय असं तूच म्हणालास. आत्ता उजव्या सीटवर गेलास तर काय होईल? ते विमान ५,७०० किलोच्या वरचं, म्हणजे कमांडला एटीपीएल लागणार, ते तुझ्याकडे आहे. पण डाव्या सीटवर त्यांचे पंधरा वर्षांचे विश्वासू कॅप्टन बसलेत, आणि ते निवृत्त होईपर्यंत तू बॅगा उचलणार. त्यापेक्षा वाईट म्हणजे ‘नाही’ म्हणायची वेळ येईल तेव्हा ते म्हणणारा तू नसशील. तुझे कॅप्टन म्हणाले तर ठीक. नाही म्हणाले तर तू त्यांच्याविरुद्ध आणि मालकाविरुद्ध बोलणार, तीन महिन्यांचा नवा को-पायलट? पेट्यांच्या वेळी माझी कामगिरी आकडे पुन्हा टाकण्यापुरतीच होती, हे लक्षात घे. कॅप्टन दुसरे असते तर मी काय केलं असतं, याचा विचार मी अधूनमधून करतो.

याच्या उलट बाजू आहे आणि ती तुझ्या लक्षात आली असेलच. आत्ता सहा महिन्यांची नोटीस, कॅप्टन झालास की वर्षाची. वर कमांडचा बाँड, म्हणजे ठराविक वर्षं सोडून न जाण्याचा करार, घालतील तो वेगळा. म्हणजे आत्ता दार अर्धं उघडं आहे, नंतर जड होणार. वहिनी हाच मुद्दा काढतील. बाबांच्या गुडघ्यांचं ऑपरेशन, छोटीची शाळा, पुणे; हे सगळं आत्ताचं आहे, तीन वर्षांनंतरचं नाही. यावर माझ्याकडे पाठ केलेलं उत्तर नाही. पुण्याचा बेस कागदावर असतो, विमान मात्र साहेबांबरोबर असतं, एवढं त्यांना सांग. आमच्यातल्या एकाचा बेस नागपूर होता. दिवाळी त्याने तीन वर्षं ओळीने बाहेर काढली, कारण दिवाळीतच घरच्यांना फिरायला जायचं असतं.

तरीही जायचंच ठरवलंस तर पगाराची घासाघीस नंतर कर, आधी जुन्या को-पायलटला गाठ. तो का गेला ते विचार. निवडणुकीच्या दिवसांत विमान कुणाकुणाला वापरायला दिलं जातं ते विचार, त्या महिन्या-दोन महिन्यांत नाइट लँडिंग नसलेल्या धावपट्ट्यांवर सूर्यास्ताच्या तोंडावर पोचण्याची शर्यत असते आणि सभा कधीच वेळेवर संपत नाही. लातूरला जायचं असताना आम्हाला एकदा संभाजीनगरला उतरून पुढे गाडी द्यावी लागली होती. उतरल्यावर नेत्याच्या पीएने जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही, नेता मात्र मागच्या सीटवर शांत झोपला होता. आणि सिम्युलेटर वर्षातून किती वेळा, कुठे, आणि दोघं एकत्र जाता का, हेही विचार. जो मालक सिमच्या खर्चावर कुरकुर करतो त्याच्याकडे एक दिवसही राहू नकोस.

आमच्या कॅप्टनशी मी बोललोय. तुझ्या त्या घराण्याकडे ते पूर्वी काही काळ फ्रीलान्स करत होते आणि माणसं ओळखतात. नंबर व्हॉट्सॲपवर टाकतो. रात्री नऊनंतर फोन कर, त्याआधी ते नातवाला झोपवत असतात आणि वैतागतात. मुंबईला नाइट हॉल्ट पडला की कळव. माझा फोन चालू असतो, तोच तर धंदा आहे.

काकूंना नमस्कार, छोटीला पापा.

तुझा,
विनू

ता. क. वहिनींना हे पत्र दाखवलंस तरी चालेल, पण ड्रायव्हरवालं वाक्य मोठ्याने वाचू नकोस. त्यांचे भाऊ त्याच कंपनीत आहेत ना?