स्क्रीन असू द्या, पण बटणे काढू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दसरा-दिवाळी जवळ आली की आपल्या अंकात नव्या गाड्यांच्या पानपानभर जाहिराती येतात. हल्ली त्यात मायलेजपेक्षा स्क्रीन किती इंची हेच ठळक असते. डॅशबोर्ड इतका कोरा, की बटण शोधून सापडत नाही. स्क्रीनला आमचा विरोध नाही. नकाशा आणि रिव्हर्स कॅमेरा यांना मोठी स्क्रीनच हवी. पण एसी, पंखा, काचेवरची वाफ, आवाज, चारही इंडिकेटर एकदम लावणारे हझार्ड ही कामे गाडी पळत असताना करावी लागतात. त्यांना बटण किंवा नॉबच पाहिजे, आणि खान्देशातल्या गिऱ्हाइकाने तर त्याचा हट्टच धरावा.

पावसाळ्यात चाळीसगावहून कन्नड घाट चढताना पाच माणसे बसलेल्या गाडीची पुढची काच आतून बघता बघता धुरकटते. उपाय ठरलेला आहे. हवा काचेकडे वळवायची, एसी चालू करायचा, कारण तो हवेतली ओल काढतो, आणि रिसर्क्युलेशन, म्हणजे आतलीच हवा फिरवणे, बंद करायचे, नाहीतर श्वासाची वाफ आतल्या आत फिरत राहते. मग पंखा मोठा. नॉबच्या गाडीत हे नजर रस्त्यावर ठेवून होते, कारण बोटांना कंगोरे लागतात आणि नॉब फिरताना खटका कळतो. स्क्रीनवर आधी नकाशा बाजूला सारा, एसीचे पान उघडा, काचेचे चिन्ह शोधा, रिसर्क्युलेशन घालवा आणि पुन्हा नकाशावर या. त्यात खड्डा आला की बोट शेजारच्या चौकोनावर पडते. नॉबवर हात टेकता येतो, सपाट काचेवर तो अधांतरीच राहतो. बरे, गार हवा फार वेळ काचेवर मारली तर बाहेरून वाफ धरते. तेव्हा वायपर मारून तापमान थोडे वाढवावे लागते, म्हणजे पुन्हा तोच खेळ. काही गाड्यांत पुढच्या काचेसाठी वेगळे बटण ठेवले आहे. ते एक बटण दाबले की ही बहुतेक कामे आपोआप होतात. गाडी घेताना आधी ते आहे का बघा.

ताशी 80 किमी वेगात गाडी सेकंदाला 22 मीटर जाते. तीन सेकंद नजर स्क्रीनवर राहिली तर 66 मीटर रस्ता न बघता गेला. सुरत-नागपूर महामार्गावर रात्री रिफ्लेक्टर नसलेली कापसाची ट्रॉली एवढ्या अंतरात सहज पुढ्यात येते. स्वीडनच्या ‘वी बिलेगारे’ या नियतकालिकाने 2022 मध्ये ताशी 110 किमी वेगाने 12 गाड्या तपासल्या. तापमान वाढवणे, रेडिओ लावणे अशी तीच चार कामे 2005 च्या बटणांच्या व्होल्वोत 10 सेकंदांत झाली, गाडी 306 मीटर गेली. सगळ्यांत मागे पडलेल्या टचस्क्रीनच्या गाडीत 44.9 सेकंद लागले, अंतर 1,372 मीटर. चालकांना गाड्यांची सवय व्हायला आधी वेळ दिला होता, हे विशेष.

कंपन्या हे का करतात? प्रत्येक बटणाला साचा, स्विच, वायर, मागचा दिवा आणि चाचणी लागते. स्क्रीन एकदा बसवली की बाकी सॉफ्टवेअर. म्हणजे ‘प्रीमियम’च्या नावाखाली खर्च वाचतो कंपनीचा.

दुरुस्तीत मात्र तो गिऱ्हाइकाच्या अंगावर येतो. जुन्या गाडीत पंखा फक्त चार नंबरवर चालायला लागला की पंख्याचे कमी वेग सांभाळणारा रेझिस्टर जळाला हे कोणताही इलेक्ट्रिशियन सांगतो आणि तेवढाच बदलतो. स्क्रीन युनिट बिघडले तर बहुधा अख्खे बदलायचे, वर ते गाडीशी जुळवायला कंपनीच्या स्कॅनरने कोडिंग. युनिटच्या आतली मेमरी चिपही झिजते. अमेरिकेत टेस्लाने 2021 मध्ये सुमारे 1 लाख 35 हजार गाड्या याच कारणाने परत बोलावल्या. स्क्रीन बंद पडली की तिच्यासोबत मागचा कॅमेरा आणि काचेवरची वाफ घालवायची सोयही जात होती.

त्यात आपले ऊन. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा 45 च्या आसपास असतो आणि उन्हात बंद उभ्या गाडीचा डॅशबोर्ड त्याहून कितीतरी जास्त तापतो. काचेखालचा चिकट थर ढिला पडतो, बुडबुडे दिसतात, कडेचा टच मरतो. मग बोट न लावताच पंखा वाढतो, गाणे बदलते. दमट हवेत किंवा घामेजल्या बोटानेही टच चुकतो. आवाजी हुकूम आहेतच, पण पंखा मोठा असताना ते ऐकून घेतील तेव्हा खरे. अहिराणीत सांगून पाहा एकदा.

युरोपात गाड्यांची सुरक्षा तपासून तारे देणाऱ्या युरो एनकॅपच्या चाचणीत 2026 पासून पूर्ण गुण हवे असतील तर इंडिकेटर, हझार्ड, वायपर, हॉर्न आणि संकटात मदत बोलावणारे एसओएस यांना खरी बटणे लागतात. फोक्सवॅगनने 2025 मध्ये आवाज, दोन्ही बाजूंचे तापमान, पंखा आणि हझार्ड यांची बटणे परत आणण्याचे जाहीर केले. आपले भारत एनकॅप ऑक्टोबर 2023 पासून सुरू आहे, पण त्याचा मुख्य भर गाडी धडकल्यावर आतली माणसे किती वाचतात यावर. धडकेआधी चालकाची नजर कुठे होती, यालाही गुण ठेवावेत.

तोवर गिऱ्हाइकाने शोरूमच्या गारव्यात गाडी पसंत करू नये. ती दुपारी बारा वाजता बाहेर उन्हात काढायला लावा. पोलराइज्ड गॉगल घालून मान तिरपी करा, काही स्क्रीन काळ्या दिसतात. मग उभ्या गाडीत डोळे मिटून पंखा, तापमान, पुढच्या काचेची वाफ, आवाज आणि हझार्ड हाताला सापडतात का बघा. चकचकीत काळ्या पट्टीवरची टच-चिन्हे बटणांत धरू नका, त्यांना कंगोराच नसतो.

ज्यांनी गाडी आधीच घेतली आहे त्यांनी उन्हात उभी करताना पुढच्या काचेला आतून सनशेड लावावा. सुरू केल्यावर आधी काचा उघडून गरम हवा जाऊ द्यावी. स्क्रीन मंद दिसली तर ती उष्णतेपासून स्वतःला वाचवत असू शकते, लगेच ब्राइटनेस वाढवू नका. पुसताना स्क्रीन बंद ठेवा आणि काळ्या मातीची धूळ आधी मऊ ब्रशने झटका, कारण तिच्यातल्या कणांनी ओरखडे उठतात. नंतर किंचित ओल्या मायक्रोफायबरने पुसा. घरच्या खिडक्यांचा अमोनियावाला स्प्रे मारू नका. त्याने वरचा लेप निघतो आणि तो पुन्हा चढवता येत नाही.

आपला,
एक ऑटो इलेक्ट्रिशियन, जळगाव