नगरसेवकांच्या मानधनाविषयी आई-बाबांना पत्र

भांडुप, मुंबई

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, लोकसेवेचे पैसे घ्यायचे नसतात, म्हणून नगरसेवकांचे मानधन वाढवू नये, असे तुम्ही परवा फोनवर म्हणालात. मला ते पटलेले नाही, आणि फोनवर नीट मांडता आले नाही, म्हणून लिहिते आहे.

राज्य सरकारने २०१७ मध्ये मुंबईच्या नगरसेवकांचे मासिक मानधन १०,००० वरून २५,००० रुपये केले. त्या दराने निवडून आलेल्या २२७ नगरसेवकांचे वर्षाचे मानधन ६ कोटी ८१ लाख होते, तर महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा होता. म्हणजे शंभर रुपयांमागे एक पैसाही नाही. मानधन लाखावर नेले तरी चार पैशांच्या आतच राहील, त्यामुळे तिजोरीवरील भाराचा मुद्दा मी विचारातच घेत नाही.

खरा प्रश्न आहे तो कामाचा. गढूळ पाण्याची तक्रार घेऊन मी आपल्या नगरसेविकेच्या कार्यालयात गेले होते. पत्र्याच्या त्या खोलीत कोणी तुंबलेल्या गटाराविषयी, कोणी शिफारसपत्रासाठी बसले होते आणि एका बाईंनी नळाचे पिवळट पाणी प्लास्टिकच्या बाटलीत भरून आणले होते. ती बाटली टेबलावर ठेवून नगरसेविका पाणी खात्याच्या अभियंत्याला, तो उचलेपर्यंत, पुन्हा पुन्हा फोन लावत होत्या. मार्च २०२२ पासून जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत नगरसेवकच नव्हते, तेव्हा याच तक्रारींसाठी आम्ही विभाग कार्यालयात ताटकळत होतो. त्या खोलीचे भाडे, पत्रे टाइप करणाऱ्या मुलाचा पगार आणि विजेचे बिल भागवले की मानधनातले घरी काय उरत असेल? जो खर्च मानधनात बसत नाही, तो कोणीतरी कंत्राटदार भागवतो आणि पुढे प्रभागातल्या कामांतून वसूल करतो, ही माझी खरी भीती आहे.

पूर्वीचे लोक विनामोबदला काम करत, हे खरे. पण त्या काळचे मुंबई महापालिकेतील पुढारी फिरोजशहा मेहता नामवंत बॅरिस्टर होते आणि त्या काळी मतदानाचा हक्कही करदात्यांपुरताच होता. २०११ पासून निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. आई, तुलाही एकदा उभे राहण्याविषयी विचारणा झाली होती, तेव्हा शाळेची नोकरी सोडल्यावर घर कसे चालवायचे, या एकाच प्रश्नापाशी तू थांबलीस. तुझ्यासारख्या किती जणींची नावे त्यामुळे मतपत्रिकेवर आलीच नसतील, याचे मला मनापासून वाईट वाटते.

नुसत्या मानधनाने कंत्राटांतली टक्केवारी थांबेल, असे मी म्हणणार नाही. आमदारांना वेतन आणि भत्ते मिळून दीड लाखाहून अधिक मिळतात, तरी तिथले सगळे व्यवहार स्वच्छ आहेत असे कोण म्हणेल? म्हणून वाढीला अटी हव्यात. सभागृहातील आणि प्रभाग समितीतील हजेरीशी मानधन जोडलेले असावे, आणि कुटुंबाची मालमत्ता व अन्य व्यवसाय दरवर्षी जाहीर करणे बंधनकारक असावे.

बाबा, तुमच्या ज्येष्ठ नागरिक संघाचे निवेदन नगरविकास विभागाकडे जाणार आहे, असे आईकडून कळले. त्यात ‘वाढ नको’ याऐवजी ‘या अटींवर वाढ द्यावी’ असे लिहिता येईल का, याचा कृपया विचार करावा. मसुदा मी दोन दिवसांत लिहून पाठवते.

तुमची,
मेधा