डीएनएचा पीळ उजवा असतो

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत डीएनएवर आलेला पानभर लेख वाचला. विषय सोपा करून सांगायची लेखकाची धडपड जाणवते आणि बहुतेक मुद्दे नेमके आहेत. पण लेखाच्या माथ्यावरचे चार रकान्यांचे चित्र उलटे आहे. खालचे वर झाले असते, तर हे पत्र लिहिलेच नसते, कारण सर्पिल डोक्यावर उभे केले तरी त्याचा पीळ तोच राहतो. हे चित्र आरशातले आहे. मथळ्याला जागा करण्यासाठी कुणीतरी त्याचे डावे-उजवे पलटवले असावे, आणि उजव्या पिळाचा डीएनए डावरा होऊन बसला.

ओळखायची खूण सोपी आहे. सर्पिल उभे धरावे आणि समोरच्या बाजूने जाणारी पट्टी पाहावी. ती डावीकडून उजवीकडे चढत असेल तर पीळ उजवा. नेहमीच्या स्क्रूचे आटे असेच चढतात. तुमच्या चित्रातली पट्टी उजवीकडून डावीकडे चढते.

डाव्या पिळाचा डीएनएही असतो, असे कुणी म्हणेल. असतो. १९७९ मध्ये अलेक्झांडर रिच यांच्या गटाने त्याची रचना स्फटिकातून दाखवली आणि त्याला झेड-डीएनए हे नाव पडले. पण त्याचा कणा नागमोडी, झिगझॅग असतो म्हणून ते नाव. तुमच्या चित्रातली गुळगुळीत वळणे त्याची नव्हेत, तेव्हा ती सबब इथे लागू पडत नाही.

एका चित्रासाठी एवढा खटाटोप कशाला, असे वाटू शकते. मी रेण्वीय जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून बरीच वर्षे काढली, आणि डीएनएच्या बाबतीत दिशा चुकली की काम कसे फसते ते रोज पाहिले. चित्रात दिशा हरवली तशी ती लेखातही हरवली आहे, आणि माझी खरी तक्रार ती आहे.

लेखात डीएनएची रचना मांडणारे वॉटसन आणि क्रिक आहेत, ‘छायाचित्र ५१’ हे डीएनएचे क्ष-किरण छायाचित्र आहे, रोझालिंड फ्रँकलिन यांच्या वाट्याला आलेली उपेक्षा आहे. पण फ्रँकलिन यांच्या मोजमापांनी नेमके काय दिले, ते राहून गेले. मे १९५२ मध्ये रेमंड गॉस्लिंग यांच्यासोबत टिपलेल्या त्या छायाचित्रातली फुलीसारखी नक्षी सर्पिलाकडे बोट दाखवते, हे सगळे सांगतात. त्याहून मोलाची होती त्यांच्या आकडेवारीत नोंदलेली स्फटिकाची सममिती. ती वाचून क्रिक यांच्या लक्षात आले की हा रेणू अर्धा फेरा फिरवून उलटा धरला तरी तसाच दिसतो. याचा अर्थ, दोन साखळ्यांपैकी एक वर जाते आणि दुसरी खाली येते. साखरेच्या कार्बन अणूंच्या क्रमांकांवरून या दोन टोकांना पाच-प्राइम आणि तीन-प्राइम म्हणतात. एका साखळीचे पाच-प्राइम टोक जिथे, तिथे दुसरीचे तीन-प्राइम.

आता लेखातले वाक्य पाहा : ‘चेन उघडावी तशी शिडी मधोमध उघडते आणि दोन्ही बाजूंना नवी अक्षरे भरत जातात.’ अक्षरे म्हणजे साखळीचे सुटे घटक. वाचायला छान आहे. मेसेलसन आणि स्टाल यांनी १९५८ मध्ये जड नायट्रोजनवर जिवाणू वाढवून दाखवले तेही त्यात बसते : प्रत्येक नव्या रेणूत एक साखळी जुनी, एक नवी. अडचण वेगळीच आहे. आर्थर कॉर्नबर्ग यांना पन्नाशीच्या दशकात सापडलेला डीएनए पॉलिमरेज (नवी साखळी जोडणारे विकर, म्हणजे एन्झाइम) आणि त्याची नंतर मिळालेली सगळी भावंडे नवे अक्षर फक्त तीन-प्राइम टोकालाच जोडतात. एकाही पॉलिमरेजला उलट चालता येत नाही. मग चेन उघडत असताना एका बाजूची नकल सलग होईल. दुसऱ्या बाजूचे काय? तिथे तर चालायची वाट उघडणाऱ्या टोकापासून दूर नेणारी.

याचे उत्तर जपानमधील नागोया विद्यापीठात रेइजी आणि त्सुनेको ओकाझाकी या दांपत्याने साठच्या दशकात शोधले. त्यांनी वाढत्या जिवाणूंना काही सेकंदांपुरते किरणोत्सारी थायमिडीन (डीएनएच्या एका अक्षराचा कच्चा माल) दिले, लगेच सगळे थांबवले आणि नुकताच तयार झालेला डीएनए लांबीनुसार वेगळा केला. ताजी अक्षरे हजार-दोन हजार अक्षरांच्या आखूड तुकड्यांत सापडली. थोडा जास्त वेळ दिला, की तीच अक्षरे लांब साखळ्यांत दिसू लागली. म्हणजे मागे राहणारी साखळी तुकड्यातुकड्यांनी विणली जाते. दर तुकड्याची सुरुवात आरएनएच्या छोट्या धाग्याने होते, तो पुढे काढला जातो, फट भरली जाते आणि लायगेज नावाचे विकर टाका घालते. आपल्या प्रत्येक पेशीत विभाजनापूर्वी हे चालते, फक्त आपले तुकडे आणखी आखूड, शे-दोनशे अक्षरांचे असतात. रेइजी यांनी हिरोशिमाचा किरणोत्सार लहान वयात सोसला होता. १९७५ मध्ये, ४४ व्या वर्षी, रक्ताच्या कर्करोगाने ते गेले. त्सुनेको यांनी काम पुढे नेले. पानभर लेखात या दोघांना एक ओळही मिळाली नाही, याची चुटपुट लागली.

निसर्गाने एवढा द्राविडी प्राणायाम का करावा? दोन्ही दिशांनी चालणारे विकर का नाही? याचे कारण मला या साऱ्या विषयात सर्वांत सुंदर वाटते. जोडणीला लागणारी ऊर्जा येणारे अक्षर आपल्या तीन फॉस्फेटांच्या शेपटात घेऊन येते. त्यामुळे चुकीचे अक्षर बसले तर पॉलिमरेज ते खुशाल कापून टाकतो; पुढचे अक्षर स्वतःची ऊर्जा घेऊन हजर असतेच. साखळी उलट दिशेने वाढत असती तर ती शिदोरी साखळीच्या टोकाशी राहिली असती, आणि चूक खोडताना तीही निघून गेली असती. काम तिथेच ठप्प. खोडरबर वापरता यावा म्हणून ही एकेरी वाहतूक आहे. खोडणे आणि नंतरची दुरुस्ती धरून शेवटी अब्जावधी अक्षरांमागे एखादीच चूक उरते.

प्रयोगशाळेतही हेच नियम चालतात. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, पण पीसीआरच्या, म्हणजे डीएनएच्या भराभर नकला काढण्याच्या पद्धतीच्या, नळीत ९५ अंशांना डीएनएचा पीळ साफ सुटतो. मग तापमान उतरवून दोन प्रायमर (नकलेची सुरुवात करून देणारे छोटे तुकडे) चिकटवायचे, तेही समोरासमोर तोंड करून. दुसऱ्या प्रायमरचा क्रम उलटवायला विसरलेले विद्यार्थी मी किती पाहिले याची गणती नाही. यंत्र इमानाने ३० फेऱ्या करते आणि जेलवर (डीएनएचे तुकडे विजेच्या साह्याने लांबीनुसार वेगळे करणाऱ्या थरावर) काहीच दिसत नाही. त्यांना हसायचा अधिकार मला नाही. फॉस्फेटांमुळे डीएनएवर ऋण भार असतो आणि तो धन टोकाकडे धावतो, हे पाठ असूनही मी एकदा जेलला वीज देणाऱ्या तारा उलट्या जोडल्या. अर्ध्या तासाने येऊन पाहते तो नमुने खाचांच्या मागच्या काठावरून द्रावणात उतरलेले. तीन दिवसांची मेहनत त्या निळसर पाण्यात होती.

माझी विनंती छोटी आहे. पुढच्या पुरवणीत चित्राची दुरुस्ती छापावी, आणि जमल्यास नवे चित्र न काढता ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकाच्या २५ एप्रिल १९५३ च्या अंकातले ओडील क्रिक यांनी रेखाटलेले मूळ चित्र वापरावे. त्यात पीळ उजवा आहे आणि दोन पट्ट्यांवर दोन विरुद्ध दिशांचे बाण आहेत. तेवढे बाण छपाईत पुसले जाणार नाहीत, हे पाहावे.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक

ता. क. : लेखाशेजारच्या कालपटात ‘डीएनएचा शोध – १९५३’ असे आहे. ते रचनेचे वर्ष. पदार्थ म्हणून तो १८६९ मध्येच फ्रीडरिश मीशर यांना ट्यूबिंगेनमध्ये सापडला होता, जखमांवरून काढलेल्या पट्ट्यांच्या पुवात. त्यांनी त्याला न्यूक्लीन म्हटले होते.