फुकट खेळातील खरी किंमत दिसायला हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मोबाइलवर फुकट मिळणाऱ्या आणि माणसाच्या रोजच्या जगण्याची नक्कल करणाऱ्या खेळांविषयी जे लिहिले जाते, ते बहुधा वेळेच्या अपव्ययापाशी येऊन थांबते. हे खेळ आवडीने खेळणारी वाचक म्हणून मला वेगळ्याच गोष्टीकडे लक्ष वेधायचे आहे. या खेळांत वाट पाहणे टाळण्याला किंमत लावलेली असते आणि ती खऱ्या पैशांत सहसा दाखवली जात नाही.

विल राइट यांनी रचलेला ‘द सिम्स’ २००० साली संगणकावर आला, तेव्हा खेळ विकत घ्यावा लागे. मात्र पात्र झोपले किंवा कामावर गेले की खेळणारा काळाचा वेग वाढवू शकत असे आणि त्यासाठी वेगळे पैसे पडत नसत. २०११ मध्ये आलेल्या ‘द सिम्स फ्रीप्ले’ने मोबाइलवर खेळ फुकट दिला, पण त्यातले घड्याळ खरे ठेवले. पात्राला झोपवले तर ते खरोखरच काही तास झोपते. वाफ्यात पेरलेले एखादे पीक अर्ध्या मिनिटात हाती येते, तर दुसऱ्याला कित्येक तास लागतात. आणि नवी इमारत बांधायला काढली की तिच्यासाठी आणखी थांबावे लागते. जो वेग पूर्वी खेळाचाच भाग होता, तो आता विकायला ठेवलेला आहे.

या संथपणाबद्दल माझी तक्रार नाही. सकाळी पेरावे, फोन बाजूला ठेवून आपल्या कामाला लागावे आणि सवडीने येऊन पीक काढावे, यात खरोखर गोडी आहे. पैसे न देताही हा खेळ दीर्घकाळ आनंदाने खेळता येतो. आक्षेप आहे तो पुढच्या गोष्टीला. पात्राचे काम किती झाले हे दाखवणारी पट्टी हळूहळू भरत असते आणि ते काम लगेच उरकण्याची सोय तिथेच दिलेली असते, पण तिथे पैशांचा आकडा नसतो, असतो तो गुणांचा. हे गुण खेळून थोडे थोडे मिळतात किंवा गठ्ठ्याने विकत घेता येतात. मोठ्या गठ्ठ्यात एक गुण स्वस्त पडतो आणि लहान गठ्ठ्यात महाग, त्यामुळे एका गुणाची ठरावीक अशी किंमतच राहत नाही. शिवाय हवी ती वस्तू घेतल्यावर चार-दोन गुण बहुतेक वेळा शिल्लक उरतात, आणि ते वाया जाऊ नयेत म्हणून माणूस पुढचा गठ्ठा घ्यायला प्रवृत्त होतो. आपण आतापर्यंत किती खर्च केला, हे खेळाच्या पडद्यावर शोधूनही सापडत नाही.

मुलांच्या हातून होणाऱ्या खरेदीचा प्रश्न यापूर्वी गाजलेला आहे. पालकांच्या संमतीविना झालेल्या अशा खरेदीपोटी किमान ३ कोटी २५ लाख डॉलर ग्राहकांना परत करण्याचे अ‍ॅपलने २०१४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित जपणाऱ्या सरकारी यंत्रणेपुढे मान्य केले होते. परंतु पासवर्ड किंवा बोटाच्या ठशाने फार तर परवानगीविना होणारी खरेदी थांबते. राजीखुशीने पैसे देणाऱ्या प्रौढालाही किंमत नीट कळत नाही, ही अडचण तशीच राहते. युरोपातील ग्राहक संरक्षण यंत्रणांनी मार्च २०२५ मध्ये खेळांतील आभासी चलनाविषयी, म्हणजे वर सांगितलेल्या गुणांसारख्या गोष्टींविषयी, जी तत्त्वे जाहीर केली, त्यांत वस्तूची किंमत खऱ्या चलनातही स्पष्ट दाखवावी, असे म्हटले आहे. ही अपेक्षा मला अगदी रास्त वाटते आणि ती सर्वत्र लागू व्हावी. तिने खेळाची गंमत तसूभरही कमी होणार नाही, आणि खेळ बनवणाऱ्यांनी मेहनतीचा मोबदला घेऊ नये असेही त्यातून सूचित होत नाही.

आपल्या वृत्तपत्रात नव्या अ‍ॅप्सची ओळख करून देताना ‘मोफत’ एवढाच शब्द न छापता, वाट पाहणे टाळण्यासाठी काय विकले जाते, गुणांचे गठ्ठे केवढ्याला पडतात आणि पैसे न देता खेळ कुठवर नेता येतो, एवढी माहिती सोबत द्यावी, ही विनंती.

आपली नम्र,
एक वाचक